भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील गांडुळे



समुद्राची आणि जमिनीची सरहद्द नेमकी कोठे आहे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. मांडवी-झुआरीच्या मुखांतून शिरलेले खारे पाणी आतवर चढत जाते आणि काही तासांनी आल्या वाटेने परत फिरते. या चढउतारात जो पट्टा कधी पाण्याखाली जातो आणि कधी उघडा पडतो, तो धड समुद्राचाही नव्हे आणि धड जमिनीचाही नव्हे. खाड्यांच्या काठी या पट्ट्यात कांदळ, तिवर, चिपी यांची खारफुटीची राने उभी असतात. मोकळ्या किनाऱ्यावर तेथे वाळू पसरलेली असते. त्या चिखलाला आपण दलदल म्हणतो, त्या वाळूला ओसाड म्हणतो, आणि व्यवहाराची भाषा सुरू झाली म्हणजे दोहोंनाही एकच विशेषण लावून मोकळे होतो : पडीक. ही जागा पडीक नाही, तिची मशागत करणारी कुळे तेथे फार पूर्वीपासून नांदत आहेत, एवढेच मला आजच्या भाषणात सांगावयाचे आहे.

ही कुळे म्हणजे गांडुळांच्या गोत्यातील लहान लहान प्राणी होत. ज्यांचे शरीर एकापुढे एक ठेवलेल्या कड्यांचे बनलेले असते, अशा प्राण्यांना शास्त्रात वलयी प्राणी म्हणतात. शेतातले गांडूळ, तळ्यातली जळू आणि समुद्रातले अंगभर केस असलेले बहुरोमी कृमी हे या कुळाचे तीन ठळक नमुने. सूत्रकृमी म्हणून जे दुसरे प्राणी प्रसिद्ध आहेत, त्यांच्या अंगावर अशी कडी नसतात. त्यांचा आणि यांचा घोटाळा करू नये.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील श्रोत्यांना वाटेल, की हा विषय किनाऱ्यावरच्या लोकांचा; आपला याच्याशी काय संबंध? परंतु शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात माशांचे खाद्य म्हणून जे लाल, वळवळणारे, केसासारखे बारीक कृमी मिळतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. ट्युबिफेक्स हे त्यांचे नाव. ते गोड्या पाण्याच्या गाळात डोके खुपसून आणि शेपूट पाण्यात हलवीत उभे राहतात, कारण गाळात प्राणवायू नसतो आणि जो मिळवावयाचा तो शेपटीने वरच्या पाण्यातून मिळवावा लागतो. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्ताला लाली देणाऱ्या द्रव्याचाच. फरक इतकाच, की आपल्या शरीरात ते रक्तपेशींत भरलेले असते आणि त्यांच्या शरीरात ते रक्तरसात विरघळलेले असते. समुद्रकाठच्या ज्या कृमींविषयी मी बोलणार आहे, त्यांतील पुष्कळसे या ट्युबिफेक्सचे अगदी जवळचे नातलग आहेत.

प्रथम या कड्यांचे प्रयोजन पाहू. चिखलात किंवा वाळूत शिरावयाचे तर पाय उपयोगी पडत नाहीत. तेथे पाचरीचे काम करणारे शरीर हवे. वलयी प्राण्याच्या शरीरात कातडी आणि आतडे यांच्यामध्ये द्रवाने भरलेली पोकळी असते आणि पडद्यांनी तिचे कप्पे पाडलेले असतात. प्रत्येक कप्प्याभोवती स्नायूंचे दोन थर असतात : एक आडवा, कंबरपट्ट्यासारखा वेढा घालणारा, आणि दुसरा उभा, अंगाच्या लांबीत धावणारा. कंबरपट्टा आवळला की तो कप्पा बारीक होऊन लांबतो. उभे स्नायू आखडले की तोच कप्पा आखूड होऊन फुगतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून हाडांवाचून त्याला ताठपणा येतो. पुढचा भाग बारीक करून तो फटीत घालावयाचा, मग फुगवून फट रुंद करावयाची, अंगावरचे राठ केस भिंतीत रोवून तेथे पक्के व्हावयाचे आणि मागचे अंग पुढे ओढून घ्यावयाचे, अशी ही चाल आहे. गवंड्याच्या पहारेने जे होणार नाही, ते एक बोटभर मऊ कृमी या रीतीने करतो.

आता आपण भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून खाली उतरत जाऊ. मोठ्या भरतीची लाट जेथपर्यंत पोहोचते, तेथे ती आपली एक खूण ठेवून जाते. शेवाळ, कुजकी पाने, काटक्या, नारळाची चोडे यांची ती एक वाकडीतिकडी ओळ असते. या ओलसर कचऱ्याखाली आणि खारफुटीच्या वरच्या काठाला एक खरोखरीचे गांडूळ राहते. त्याचे शास्त्रीय नाव पाँटोड्रिलस लिटोरॅलिस. ग्रूबे या प्राणिशास्त्रज्ञाने १८५५ साली फ्रान्सच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावरील नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन केले, आणि पुढे ते जगातील बहुतेक सर्व उष्ण किनाऱ्यांवर, भारताच्याही किनाऱ्यावर आढळले. शेतातल्या गांडुळाला मिठाचे पाणी म्हणजे मरण. पण हे खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूत सुखाने राहते. त्याची आणखी एक नवलाई अशी, की त्याला डिवचले असता अंगातून जो द्रव पाझरतो, तो अंधारात चमकतो. पायाखाली काजवा असावा आणि तो गांडूळ निघावा, असा हा प्रकार आहे.

तेथून खाली खारफुटीच्या चिखलात उतरले, की प्रथम एक वास येतो. कुजक्या अंड्याचा हा वास अनेकांना घाणीचा वाटतो. वस्तुतः तो त्या चिखलाच्या घडणीचा पुरावा आहे. खाडीचा गाळ इतका बारीक असतो, की हवा त्यात वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे सहजासहजी जात नाही. त्याखाली प्राणवायूवाचून जगणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे राज्य सुरू होते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते. हे जंतू प्राणवायूच्या ऐवजी सल्फेटाचा उपयोग करून पालापाचोळ्याचे पचन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निर्माण होतो. वास त्याचा. चिखल काळा दिसतो तो याच वायूचा लोहाशी संयोग झाल्यामुळे. हा वायू प्राणिमात्राला विषारी आहे. तिवराची झाडे चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर काढतात, ती या गुदमरलेल्या मातीत मुळांना हवा पुरविण्यासाठीच.

अशा ठिकाणी कृमी बीळ करतो. बिळाच्या भिंतीला तो आपल्या अंगच्या चिकट द्रवाचा गिलावा देतो आणि आत राहून अंगाला सापासारखे हेलकावे देत वरचे ताजे पाणी बिळातून खेळवितो. त्या पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो. असा चिखलाचा एखादा गोळा फोडून पाहिला, तर काळ्या गाळात बिळाभोवती तांबूस-तपकिरी रंगाचे कडे दिसते. लोहाला तेथे प्राणवायू लागून गंज चढला, त्याचे ते कडे होय. जेथे कडे दिसेल तेथपर्यंत हवा पोहोचली असे समजावे. अशी असंख्य बिळे एका ताटलीएवढ्या जागेतही असू शकतात. खेकडे मोठी बिळे खणतात, बहुरोमी मध्यम आकाराची, आणि त्यांच्या मधल्या जागेत सुतासारखे बारीक अल्परोमी आपल्या वाटा पाडतात. झाडे आपल्यापुरती हवा मुळांतून नेतात; चिखलात हवा-पाणी खेळविण्याचे मोठे काम हे खणणारे जीव करतात.

त्यांचे दुसरे काम अन्नाचे आहे. खारफुटीचे पान गळून पडले, की ते लगेच कोणाच्या खाण्यासारखे नसते. त्यात कषाय द्रव्ये पुष्कळ आणि पोषण थोडे. खेकडे ते कुरतडतात, बुरशी आणि जंतू त्यावर वाढतात, आणि मग हे कृमी त्या जंतूंच्या थरासह तो बारीक चुरा गिळतात. पानातील जे सत्त्व कोणाला घेता येत नव्हते, ते येथे मांसाच्या रूपात येते. कृमीला कोळंबी खाते, लहान मासे खातात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चिखल्या, तुतवार आणि लांब चोचींचे इतर पाणपक्षी ओहोटीला चिखलात चोच खुपसून जे शोधीत असतात, त्यात या कृमींचा वाटा मोठा असतो. चोडण बेटावरील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात जाऊन पक्षी पाहणाऱ्यांनी एकदा त्या पक्ष्यांच्या पायांखालीही पाहावे. वरची ती शोभा खालच्या चिखलावर उभी आहे.

गोव्यातील श्रोत्यांना येथे खाजनांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. पूर्वजांनी खाडीकाठच्या खारफुटीच्या जमिनीला मातीचे बांध घातले, मानशीच्या दारांनी पाण्याची आवक-जावक ताब्यात ठेवली, पावसाळ्यात तेथे खारे पाणी सोसणारे कोरगुट भात पिकविले आणि त्याच मानशींवर मासे धरले. गावकरीच्या देखरेखीखाली चाललेली ही व्यवस्था शहाणपणाची होती, कारण तिने भरती-ओहोटी बंद केली नाही. तिला दार बसविले. दार असल्यामुळे खारे पाणी, त्याबरोबरचा गाळ आणि गाळातील जीव यांची ये-जा पूर्णपणे तुटली नाही. ज्या दिवशी बांध फुटतो किंवा मानस नादुरुस्त होते, त्या दिवशी शेतकऱ्याचे नुकसान होते हे आपण जाणतो. ज्या दिवशी दगडमातीचा भराव घालून ते दार कायमचे बुजविले जाते, त्या दिवशी काय जाते, ते मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही.

आता चिखल सोडून मोकळ्या वाळूकडे येऊ. येथे तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. लाट येते, जाते. वाळू धुतली जाते. परंतु वाळूचे कण कितीही घट्ट बसले तरी त्यांच्यामध्ये पोकळी राहतेच. चांगल्या निवडलेल्या वाळूत एकूण घनफळाच्या सुमारे ३५ ते ४० टक्के भाग अशी पोकळी असते आणि ओहोटीतही ती पाण्याने ओली राहते. या फटींतून एक निराळीच वस्ती राहते. १९४२ साली मॉली मेअर या इंग्लिश संशोधिकेने समुद्रतळावरील या मधल्या आकाराच्या जीवांना मीओबेंथॉस असे स्वतंत्र नाव दिले. मोठे प्राणी वेगळे करण्याच्या चाळणीतून जे खाली पडतात आणि अगदी बारीक चाळणीवर जे अडकतात, ते हे. यांत वलयी प्राणीही आहेत. वाळूच्या फटीतून जावयाचे म्हणून त्यांचे अंग दोऱ्यासारखे झाले आहे. कित्येकांना वाळूच्या कणाला चिकटून बसण्याची सोय आहे, नाही तर पहिली लाटच त्यांना वाहून नेईल. ग्रॅनिया नावाचा एक केवळ समुद्रात राहणारा वंश आहे. त्याची त्वचा जाड आणि स्नायू दणकट, त्यामुळे तो वाळूत एखाद्या ताठ तारेसारखा सरकतो.

आपल्या देशात या विषयाचा पाया पूर्व किनाऱ्यावर घातला गेला. वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात पी. एन. गणपती आणि जी. चंद्रशेखर राव यांनी तेथील पुळणीतील या फटीत राहणाऱ्या जीवसृष्टीचा अभ्यास करून तो १९६२ साली प्रसिद्ध केला. ही सृष्टी पाहण्यास फार मोठी साधने लागतात असे नाही. ओहोटीच्या वेळी ओली वाळू मूठभर घ्यावी, बादलीत गोडे पाणी घालून ती ढवळावी, जड वाळू खाली बसताच वरचे पाणी अतिशय तलम कापडातून गाळावे आणि कापडावर उरलेले शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राच्या पाण्याच्या थेंबात ठेवून पाहावे. अचानक गोड्या पाण्याचा धक्का बसल्यामुळे जीव कणांची पकड सोडतात, एवढेच त्यातील रहस्य. ज्या वाळूवर आपण चटई पसरून बसतो, तिच्यात काय भरले आहे, हे विद्यार्थ्यांना एकदा तरी दाखविण्यासारखे आहे.

या कुळातील सर्वांत विलक्षण जीवांची ओळख पटण्यास मात्र १९७९ साल उजाडावे लागले. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ओलाव्ह गीरे यांनी अटलांटिक महासागरातील बर्म्यूडा बेटांच्या वाळूतून ट्युबिफेक्सच्या नात्यातला एक पांढराशुभ्र कृमी शोधून काढला. त्याला तोंड नव्हते, आतडे नव्हते, गुदद्वारही नव्हते. मग तो जगतो कशावर? त्याच्या बाह्यत्वचेखाली जंतूंचा एक दाट थर असतो, आणि तेच त्याला पोसतात. पुढे अशा आतडेविरहित जाती शंभराच्या आसपास सापडल्या. त्यांतील एका वंशाला गीरे यांच्या नावावरून ओलाव्हियस हे नाव देण्यात आले. इटलीच्या एल्बा बेटाजवळील उथळ पाण्यातल्या अशाच एका जातीचा उलगडा निकोल ड्युबिलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली केला. तिच्या कातडीखाली दोन प्रकारचे जंतू शेजारी शेजारी राहतात. एक सल्फेटापासून सल्फाइड तयार करतो. दुसरा ते सल्फाइड प्राणवायूच्या साहाय्याने जाळून त्या ऊर्जेवर अन्न बनवितो. पहिल्याचा टाकाऊ माल तो दुसऱ्याचे इंधन, दुसऱ्याचा तो पहिल्याचे. कृमीचे काम एवढेच, की वाळूतील हवेशीर थर आणि गुदमरलेला थर यांच्यामध्ये ये-जा करून या बिऱ्हाडाला दोन्हीकडची रसद मिळवून द्यावयाची. जो वायू इतरांना विष, त्यावर या घराची चूल पेटते. अंगात साठलेल्या गंधकाच्या कणांमुळेच तो पांढरा दिसतो.

हे सारे कौतुकाचे झाले. आता जे चिंतेचे आहे, ते सांगतो.

समुद्रातील बहुरोमी कृमींपैकी पुष्कळांची अंडी पाण्यात सोडली जातात आणि त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले काही काळ पाण्याबरोबर तरंगत दूरवर जातात. गोव्याच्या खाड्यांत पावसाळ्यात नद्यांना पूर येतो, पाणी एकदम गोडे होते आणि तळातील जीवांची संख्या फार घटते. पाऊस सरल्यावर पाणी पुन्हा खारे होऊ लागले, की तळ पुन्हा भरू लागतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील ए. एच. परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवे कालवा यांच्या तळातील जीवांच्या वर्षभराच्या फेऱ्याचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. हा फेरा पाहून कोणी म्हणेल, की निसर्ग आपले नुकसान आपण भरून काढतो. मग एखाद्या खाडीच्या तुकड्यावर भराव पडला तर बिघडले कोठे?

याचे उत्तर गांडुळाच्या कमरपट्ट्यात आहे. शेतातल्या गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला एक फुगीर पट्टा दिसतो. त्याला पर्याणिका म्हणतात. त्यातून पाझरणाऱ्या द्रवाचा कोश बनतो आणि अंडी त्या कोशात घातली जातात. समुद्रकाठच्या अल्परोमींचीही हीच रीत आहे. यांच्या पूर्वजांनी समुद्र सोडून गोड्या पाण्यात आणि जमिनीवर वस्ती केली होती. तेथील कोश घालण्याची सवय घेऊन त्यांतील काही शाखा पुन्हा समुद्रात परतल्या. कोशातून जे पिलू बाहेर पडते, ते आईबापांची लहान प्रतिकृती असते. ते पाण्यात तरंगत परमुलखी जात नाही. जेथे जन्मले तेथेच, त्याच वाळूच्या फटीत, ते सरपटू लागते. अर्थात् यांचा प्रसार अतिशय मंद आहे. वाहत्या लाकडाबरोबर किंवा जहाजात भारासाठी भरलेल्या वाळूबरोबर एखादी काटक जात दूरवर जाऊ शकते. परंतु सामान्यतः यांच्या वस्त्या जागच्या जागी राहतात. पुराने घटलेला तळ शेजारून भरून येतो, कारण जागा तीच असते आणि शेजारही शिल्लक असतो. भरावाने जागाच नाहीशी होते. मग नुकसानभरपाई म्हणून दुसरीकडे खारफुटीची रोपे ओळीने लावली, तरी झाडे मोजता येतात म्हणून ती मोजली जातात. त्यांच्या मुळाशी चिखलाची ती जुनी वस्ती आली की नाही, हे पाहण्यास कोणी जात नाही. रान लावता येते. माती मात्र जिवंत व्हावी लागते, आणि त्याला किती वर्षे लागतील हे रोपांच्या उंचीवरून ठरत नाही.

या जीवांचा आणखी एक उपयोग आहे. ते साक्षीदार आहेत. १९६९ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्ट फॅलमथजवळ ‘फ्लॉरिडा’ नावाचा तेलाचा पडाव फुटला. किनाऱ्याजवळच्या तळातील बहुतेक जीव मेले, आणि त्या रिकाम्या जागेत कॅपिटेला नावाचा एक लहान लाल बहुरोमी बेसुमार वाढला. तो तेथे वाढलेला दिसला, की तळ बिघडला असे समजण्याचा प्रघात पडला. पण ज्युडिथ ग्रासल आणि फ्रेडरिक ग्रासल यांनी १९७६ साली दाखवून दिले, की आपण ज्याला एक जात समजत होतो, त्यात दिसण्यात सारख्या अशा निदान सहा निरनिराळ्या जाती होत्या. यातून दोन धडे मिळतात. एक असा, की चिखलात कृमी पुष्कळ आहेत एवढ्यावरून चिखल निरोगी ठरत नाही. सांडपाण्याच्या गटारातही ट्युबिफेक्स रगड असतात. कोण आहेत आणि किती प्रकारचे आहेत, हे पाहावे लागते. दुसरा असा, की प्रकार ओळखता येण्यासाठी ते ओळखणारा माणूस असावा लागतो.

आणि हा माणूस दुर्मिळ आहे. जमिनीवरच्या गांडुळांचे भाग्य असे, की त्यांना चार्ल्स डार्विनसारखा चरित्रकार लाभला. १८८१ साली, आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दर वर्षी त्यांच्या पोटातून जाते, असा अंदाज मांडला. तेव्हापासून गांडूळ शेतकऱ्याचा मित्र ठरला. आज गांडूळखत हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या देशात जॉन स्टीफन्सन यांनी १९२३ साली अल्परोमींचा, आणि पिएर फोव्हेल यांनी १९५३ साली बहुरोमींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. अभ्यासकांना आजही ते हाताशी लागतात. परंतु वाळूच्या फटींतील सुतासारख्या कृमीची जात ठरवावयाची, तर त्याचे काचपट्टीवर रंगवून आरपार निरीक्षण करावे लागते, केसांचे आकार पाहावे लागतात, अंतरिंद्रिये कोणत्या कड्यात आहेत ते मोजावे लागते. स्वीडनमधील क्रिस्टर एर्सेउस यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी यात आयुष्य घातले. ज्याला नाव नाही, त्याची नोंद नाही. आणि ज्याची नोंद नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला उणीव भासत नाही.

कायद्याने या पट्ट्याकडे अगदीच दुर्लक्ष केले आहे असे नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने आणि तिच्या पुढील २०११ व २०१९ सालच्या अधिसूचनांनी खारफुटी आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा यांना वेगळे स्थान दिले. तथापि कायदा रेषा आखतो. रेषेच्या आत काय जगते, हे जाणून घेण्याची हौस समाजाला असावी लागते. ती असेल तर पुष्कळ गोष्टी विशेष खर्चावाचून करता येतील. पुळण स्वच्छ करताना प्लास्टिक आणि काच अवश्य उचलावी. पण भरतीच्या रेषेवरचे कुजके शेवाळ आणि पाला यंत्राने खरवडून नेऊ नये, कारण तो कचरा नव्हे, ते कोणाचे तरी घर आणि अन्न आहे. वाळूवरून मोटारी फिरविल्याने तिच्या फटी दाबल्या जातात, ही गोष्ट मौजेखातर गाडी पाण्यापर्यंत नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. खाडीचा काठ ढासळतो म्हणून सरसकट सिमेंटची भिंत उभी करण्यापूर्वी, जेथे जमेल तेथे चिखलाला उतार राहू द्यावा. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या खाडीचा एक ठरावीक तुकडा निवडून दर वर्षी त्याच जागी, त्याच ऋतूत, तळातील जीवांची मोजदाद ठेवावी. दहा वर्षांची अशी साधी वहीसुद्धा, भराव घालण्याचा प्रश्न पुढे येईल त्या दिवशी, मोठ्या वक्तृत्वापेक्षा अधिक बोलेल.

जमीन पडीक आहे की नाही, हे ठरविण्याची आपली पद्धत अशी आहे, की तीवर माणसाने काही पेरले आहे काय, ते पाहावयाचे. भरती-ओहोटीच्या पट्ट्याला ही पद्धत लागू पडत नाही. तेथे आपण नांगर धरीत नाही, तरी नांगरट चालू असते. आपण खत घालीत नाही, तरी पाल्याचे सत्त्व होत असते. आणि त्या पिकाचा हिस्सा मासळीच्या रूपाने आपल्या पानात येत असतो. कसणाऱ्या कुळाची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर असो वा नसो, त्याला हुसकून लावण्यापूर्वी तो तेथे काय करीत होता, याची निदान चौकशी करावी, हा साधा न्याय आहे. तेवढाच न्याय या चिखलाला आणि या वाळूला मिळावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.